आधी एक्सेलशी दोस्ती कर

अरे, नवीन कॉम्प्युटर घेतलास म्हणून दिसेल ते सॉफ्टवेअर त्यात भरत बसू नकोस. अर्ज-पत्रांना वर्ड, हिशेबाला एक्सेल, चारचौघांना काही दाखवायचं तर पॉवरपॉइंट. पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि ही तिन्ही कामं करतं. जमाखर्चाचं टॅली, फोटोंचं फोटोशॉप गरज पडेल तेव्हा बघ.

खरा वेळ एक्सेलला दे. लोक त्यात नुसते तक्ते आखतात आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करून टाइप करतात! शेवटच्या आकड्याखाली क्लिक कर, ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाब, मग एंटर. वरचा आकडा बदललास की बेरीजही बदलते. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घे, नाहीतर पुढचं शून्य गायब. मी अख्खी सभासद यादी त्यापायी दोनदा टाइप केलीय.

आणि मराठी युनिकोडमध्येच लिही, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या अक्षर-पद्धतीत. जुन्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि कंसांची खिचडी दिसते.