गॅसबत्तीचा तळचा व्हॉल्व्ह

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्या आजोबांची पितळी गॅसबत्ती माळ्यावर सापडली. टाकीवर ‘पेट्रोमॅक्स’ आणि ‘८२९’ असं उठवलेलं आहे. देवळात दशावतार असला की हीच बत्ती टांगायचे, असं आजी सांगते. मी ती घासूनपुसून घेतली, पंपाला चामड्याचा नवा वायसर घातला. पण पंप मारला की दांडा आपसूक वर येतो आणि नळीत रॉकेल भरतं. तळचा व्हॉल्व्ह काढावा लागेल असं कळलं. स्क्रू ड्रायव्हर लावला तर खाचेची कड सोलली, व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. भाऊ म्हणतो, ब्लो लॅम्पने तापवू. तापवावा का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी भावाला थांबवा. ज्योत लावायची नाही, ब्लो लॅम्पची नाही आणि शेगडीचीही नाही. पंपाची नळी टाकीला डाखाने, म्हणजे सोल्डरने, बसवलेली असते. शिसं-कथलाचा हा डाख १८३ अंशांच्या आसपास पाघळायला लागतो. म्हणजे व्हॉल्व्ह राहील तिथेच आणि नळीच सुटून येईल. त्यात टाकी कितीही रिकामी केली तरी आत रॉकेलची वाफ उरतेच.

हे ऐकीव नाही. सांगलीत आमचं स्टो-बत्ती दुरुस्तीचं दुकान होतं. मी सतरा वर्षांचा असेन. लग्नसराई चालू होती, वडील वरातीच्या बत्त्या पोचवायला गेले होते, आणि मी एका गिऱ्हाइकाची टाकी स्टोच्या ज्योतीवर धरली. व्हॉल्व्ह काही सुटला नाही. नळीच्या गळ्याशी चांदीसारखा एक थेंब जमला, ओघळला आणि फरशीवर पडून चपटा झाला. वडिलांनी नंतर दोनदा डाख दिला, पण त्या टाकीने पुन्हा हवा धरली नाही. शेवटी त्यांनी आपली एक बत्ती त्या घरी नेऊन दिली. मला बोलले काहीच नाहीत. तो थेंब मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

तुमचं निदान बरोबर आहे. पंपाच्या नळीच्या टोकाला हा व्हॉल्व्ह आट्यांवर बसवलेला असतो. त्याच्या पोटात बारीक स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावर रबराची एवढीशी गोळी. पंप दाबला की हवा गोळीला ढकलून टाकीत जाते, दाब संपला की स्प्रिंग गोळीला पुन्हा भोकावर बसवते. गोळी झिजली की टाकीतली हवा उलटी फिरते आणि दांडा वर येतो. दांडा खालीच जात नसेल तर गोळी भोकाला चिकटलेली असते. आणि काही न अडता सरसर खाली जात असेल तर व्हॉल्व्हला बोल लावू नका, चामडं कोरडं आहे, त्याला तेल पाजा.

आता तो निघत का नाही? पितळ लोखंडासारखं गंजत नाही. आट्यांत सुकलेल्या रॉकेलची चिकी असते, तिच्यावर पितळाचा हिरवट कळंक चढलेला असतो, आणि खाली शिशाचा वायसर वर्षानुवर्षं दाबून बसलेला असतो. यातली चिकी सगळ्यात चिवट, आणि ती जोराने निघत नाही, भिजवून निघते. टाकी पूर्ण रिकामी करा, तोंड उघडं ठेवून दोन दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. मग पंपाचा दांडा काढून नळी उभी धरा आणि रंगाच्या दुकानात मिळणारा थिनर बोटभर ओता. हे काम अंगणात करायचं, आसपास विडी-काडी नको, देवघरातला दिवासुद्धा नको. रोज थिनर बदलत तीन-चार दिवस जाऊ द्या. आतली गोळी त्यात खराब होईल. होऊ द्या, ती तशीही बदलायची आहे. चिंचेचं पाणी ओतून ठेवायचा सल्ला कोणी देईल. कळंक त्याने जातो हे खरं, पण रात्रभर ठेवलंत तर पितळातलं जस्त खाल्लं जातं, पितळ तांबूस पडतं आणि आटे ठिसूळ होतात.

तुमची खाच सोलली ती हत्यारामुळे. साध्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, जोर दिला की ते खाचेतून वर चढतं. पातं दोन्ही बाजूंनी सरळ हवं, खाचेत घट्ट बसेल इतकं जाड आणि खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं. जुना, जाड, लांब दांड्याचा ड्रायव्हर घ्या आणि लेथवाल्याकडून घासून घ्या. तो ‘सरळ म्हणजे किती’ असं विचारेल, म्हणून माप घेऊन जा. पातं नळीत उतरवण्याआधी लांब दाभणाने खाचेतली घाण कोरून काढा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. खाचेचा तळ पिवळा चमकला पाहिजे.

पुढची युक्ती वडिलांची. हत्यार नळीत घालून फिरवू नका. ते शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, उभं पकडा, पातं वर. मग टाकी आडवी करून, पंपाचं तोंड खाली, नळी त्या पात्यावर उतरवा. पातं खाचेत बसलं की हाताला कळतं, टाकी डुलायची थांबते. आता टाकीचं वजनच पात्याला खाचेत दाबून धरतं. दोन्ही हातांनी पंपाजवळ धरून आधी केसभर आवळा, मग वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने टाकी फिरवा. टाकीचा पत्रा दाबू नका, लांब दांडी लावून जोरही करू नका. सगळा पीळ त्या डाखावरच येतो.

नाहीच हललं, तर उष्णता पाण्याची द्या. हे करण्याआधी थिनर पूर्ण ओतून टाकून टाकी पुन्हा दोन दिवस वाळवा. उकळतं पाणी नळीवर पाच मिनिटं सोडा आणि लगेच फिरवून बघा, मग गार होऊ द्या, पुन्हा पाणी. शंभर अंशांत डाखाला धोका नाही, आणि तापण्या-निवण्यात आटे मोकळे होतात. माझ्या हातच्या बत्त्या बहुतेक याच पायरीवर सुटल्या आहेत. सुटताना ‘टक्’ असा एक बारीक आवाज येतो.

इतकं करूनही नाही निघाला, तर ड्रिल मारू नका. राहू द्या तसाच, आणि एखाद्या जुन्या हाताच्या कारागिराला दाखवा.

निघाला की आत शिशाचा वायसर नवा, गोळी नायट्राइल रबराची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालू नका, साधं रबर रॉकेलमध्ये फुगतं. सगळं बसवल्यावर रॉकेल न भरता दहा-पंधरा पंप मारा आणि टाकी बादलीभर पाण्यात धरा. डाखाशी बुडबुडे आले तर बत्ती पेटवायची नाही.

आणि एक. पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कारखान्याची, १९१० सालची. पेट्रोलियममधलं ‘पेट्रो’ आणि मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावातलं ‘मॅक्स’. तुमची ८२९ म्हणजे ५०० मेणबत्त्यांच्या उजेडाची. पॉलिश करून चकाकवू नका, आजोबांच्या हाताचा रंग आहे तो.

प्रश्न : बत्तीबरोबर मेंटलची जुनी पाकिटं मिळाली. ती वापरू का? – एक वाचक, दापोली

उत्तर : नको. जुन्या मेंटलमध्ये, म्हणजे बत्तीतल्या उजेड देणाऱ्या जाळीत, थोरियम असे आणि ते किरणोत्सारी आहे. पहिल्या महायुद्धाआधी त्यासाठीचं मोनाझाइट हे खनिज त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून जर्मनीला जायचं. पाकिटं फोडू नका, मेंटलची राख फुंकू नका. झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. थोरियम नसलेली नवी मेंटल मिळतात, पाकिटावर वाचून घ्या. पहिल्यांदा जाळताना अंगणात जाळा, आणि जळून पांढरी झाल्यावर तिला बोट लावू नका. ती राखेचीच असते.