मुक्काम हलवायचा नाही

प्रिय पोरी,

तुझी एक्सेल शीट बघितली. नऊ रात्री आणि पाच मुक्काम. मॉरिशसच्या उत्तरेला दोन, पश्चिमेला दोन, दक्षिणेला एक, मग विमानाने रॉड्रिग्जला तीन आणि परत पोर्ट लुईला एक. आणि खाली लिहिलंयस, 'काका, मला शांत गाव हवंय, पण काही मिस पण व्हायला नको.' हे वाचून मला तुझी खरंच काळजी वाटली, कारण या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत आणि हे तुला आत्तापर्यंत कोणी स्पष्ट सांगितलेलं दिसत नाही.

ती शीट आधी डिलीट कर. एक गाव धर आणि मुक्काम हलवू नको.

रॉड्रिग्ज तू यादीत घातलंस हे उत्तम केलंस, पण तीन रात्रींवर का भागवतेस? मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर हे बेट, जेमतेम अठरा किलोमीटर लांब, आणि त्याच्याभोवती जो लगून आहे, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचा उथळ समुद्र, तो बेटापेक्षा दुप्पट मोठा. म्हणजे गावातल्या लोकांचं अर्धं आयुष्य त्या उथळ पाण्यातच चालतं. आग्नेय किनाऱ्यावर मुरूक नावाचं गाव आहे, वरून नागमोडी रस्ता खाली उतरतो आणि समोर सगळा लगून पसरलेला दिसतो. तिथे राहा. सात रात्री. हो, सातच्या सात.

तू विचारशील, सात दिवस तिथे करायचं काय? हा प्रश्न ऐकला की मला राग येतो गं, पण तुझ्यावर नाही, ज्यांनी तुमच्या डोक्यात हे भरलं त्यांच्यावर. गावाचं टाइमटेबल समुद्र ठरवतो. तिथल्या बायका ओहोटीला हातात लोखंडी सळई घेऊन लगूनमध्ये चालत जातात, ऑक्टोपस पकडायला. ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, म्हणजे तू पहिल्या दिवशी झोपेत असशील, दुसऱ्या दिवशी नाश्ता करत असशील, आणि चौथ्या दिवशी कुठे तुझ्या लक्षात येईल की आज पाणी किती वाजता ओसरणार. दोन रात्री राहणाऱ्याला हे दिसतच नाही. तू तर कोकणातली, आजीबरोबर ओहोटीला कालवं काढायला गेलीयस, तुला मी हे काय समजावून सांगतोय.

आणि तुझी सुट्टी दिवाळीची आहे! लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात लांबपर्यंत ओसरणार. तारखा ठरवताना कालनिर्णय समोर ठेव, फक्त विमानाचे दर बघून तारखा काढू नको. शिवाय 2012 पासून तिथे दरवर्षी काही आठवडे ऑक्टोपस धरायला बंदी असते, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बायकांची मेहनत वाया जाऊ नये, पिल्लं मोठी व्हावीत म्हणून. तू जाशील तेव्हा ही बंदी उठलेली असेल. जुलै-ऑगस्टचा सोसाट्याचा वाराही कमी झालेला असतो आणि चक्रीवादळांचा मोसम खरा जोर धरतो तो जानेवारी ते मार्चमध्ये. याहून चांगला योग कुठला?

आता माझं ऐक. मी इतकी वर्षं लोकांच्या टूर आखल्या. जिथे नोकरी करत होतो तिथे दरवेळी सांगायचो की एक तरी टूर अशी काढा जिच्यात एकाच गावात राहायचं. मला सांगायचे की लोकांना पैशाचा मोबदला दिसला पाहिजे, ब्रोशरमध्ये आठ फोटो आठ जागांचे हवेत. ती टूर कधी निघालीच नाही आणि याची रुखरुख मला अजून आहे. किती तरी म्हातारी माणसं दर सकाळी बॅगा भरून बसमध्ये चढताना मी बघितलीयत, त्यातल्या कितीकांची ती एकच परदेशवारी होती. घरचे म्हणतात मी हट्टी, या हट्टापायी बढती घालवली. घालवली असेल, पण माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे.

याच बेटावरचं उदाहरण देतो. 1691 साली फ्रांस्वा लेगा नावाचा माणूस मोजक्या साथीदारांबरोबर तिथे उतरला आणि दोन वर्षं राहिला. तिथे सॉलिटेअर नावाचा मोठा, न उडणारा पक्षी होता, डोडोचा भाऊबंद. पुढे तो नामशेष झाला. तो कसा चालायचा, जोडीने कसा राहायचा, घरटं कसं करायचा, हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः लेगाने लिहून ठेवलं म्हणून. नंतर जहाजं येत राहिली, खलाशी कासवं भरभरून न्यायचे आणि पुढे निघायचे. जो थांबला त्याला दिसलं. तेव्हा मुक्काम हलवायचा नाही, परत परत सांगतोय कारण तू परत परत विसरणार आहेस, एखादी रील बघशील आणि रात्री मला मेसेज करशील की काका पश्चिमेला डॉल्फिन असतात म्हणे.

असू दे की डॉल्फिन.

फिरायचंच असेल तर मुरूकहून फिर ना. ग्राव्हिए गावाहून किनाऱ्याने सें फ्रांस्वा गावापर्यंत पायवाट जाते, वाटेत त्रू दार्जां नावाची कपारीतली चिमुकली पुळण लागते, तिथे गाडी जातच नाही. शनिवारी पहाटे पोर्ट माथुरिनच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाच्या, बाजारात जा, उशिरा गेलीस तर काही उरत नाही. तिथून लिंबाचं लोणचं आण, राजमा आण. रविवारी गाव चर्चमध्ये असतं, त्या दिवशी बसच्या भरवशावर काही ठरवू नको. संध्याकाळी परत घरीच ये, त्याच खोलीत, त्याच ओट्यावर.

हॉटेल नको, कोणाच्या तरी घरची खोली घे, जिथे रात्रीचं जेवण त्यांच्याबरोबर मिळतं. शाकाहारी दिवस असतील तर आधी कळव, मका आणि राजमा त्यांच्या रोजच्या जेवणातलाच आहे. बेटावर पाण्याची टंचाई असते, अंघोळ बादलीभर पाण्यात उरक, मुंबईचा शॉवर तिथे चालवू नको. आईला सांग की भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवावा लागतो, आणि रॉड्रिग्जच्या विमानालाही पासपोर्ट लागतो.

उरलेल्या दोन रात्री मॉरिशसला, एक जाताना, एक येताना, विमानतळाजवळ माहेबूर्गमध्ये. त्या फिरण्यासाठी नाहीत. छोटं विमान रद्द झालं तर मुंबईचं चुकू नये म्हणून आहेत. परतीची रात्र अजिबात कापू नको, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचव.

नवीन शीट करू नकोस. तारखा काढ आणि फोन कर, रविवारी मी घरी आहे.

तुझा,
काका