मलावीच्या शेंगा आणि तुझे दोन आठवडे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या कासुंगू भागातल्या शेतकरी संघाने तुला दोन आठवड्यांसाठी बोलावले आहे. पगार नाही, प्रवास आणि राहणे-जेवण त्यांच्याकडे, आणि काम भुईमुगातले अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीतून येणारे विष, कमी करण्याचे. होकार कळवण्याआधी तारखा विचार. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मध्य भागात भुईमूग एप्रिल-मेच्या सुमारास उपटतात. बुरशी वाढते ती उपटणी आणि वाळवणीच्या दिवसांत. ऑगस्टमध्ये गेलास तर शिवलेली पोती दिसतील, आणि तुझ्याकडून भाषणांपलीकडे काही होणार नाही. तारखा बदलून मिळत नसतील तर विषय बदलून माग. त्या महिन्यात प्रतवारी आणि साठवणीवर काम करता येते, वाळवणीवर नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. अशा विनापगारी कामांची एक जुनी आणि मोठी योजना अमेरिकेची, 1985 च्या शेती कायद्यातून उभी राहिलेली. 2025 मध्ये यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत संस्था बंद पडली आणि या क्षेत्रातली बरीच कामे अर्ध्यावर थांबली. म्हणून तू परतल्यावर संघाचा माणूस पगारावर असेल का, आणि कोणाच्या पैशांवर, हे लेखी विचार. उत्तर गुळमुळीत आले तरी जा, पण मग अशीच शिफारस कर जी माणसाशिवायही टिकेल.

आता वाणांकडे. तिथे चालिंबाना हा जुना, मोठ्या दाण्याचा, उशिरा येणारा वाण आहे आणि सीजी-7 बराच पसरलेला आहे. तिसरे नाव तुला आवडेल. मलावीत काकोमा म्हणून जो वाण प्रसारित झाला तो म्हणजे आपल्या जळगावचा जेएल-24, फुले प्रगती. उपट्या, लवकर येणारा, आणि या गटाच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. हंगामाच्या शेवटी पाऊस लांबला तर शेंग जमिनीतच उगवते, टरफल फुटते आणि बुरशीला वाट मिळते. काकोमा आणि चालिंबाना एकाच तारखेला उपटा, असे सरसकट सांगू नकोस. चार-पाच झाडे उपटून शेंगा फोडायला शिकव. तीन-चतुर्थांश शेंगांचे टरफल आतून काळपट झाले असेल तर काढणी. शेवटच्या महिन्यात पावसाने ताण दिला तर बुरशी शेतातच शिरते. त्यावर दोन आठवड्यांत तुझ्याकडे उपाय नाही, तसे स्पष्ट सांग.

वाळवणीसाठी तिथे वेलांची गोल रास रचतात. शेंगा आतल्या बाजूला, मधोमध पोकळी, वर झाकण. कागदावर उत्तम: ऊन थेट लागत नाही, पावसाच्या सरीपासून बचाव, चोरीही कमी. बिघडते ते पोकळीत. ओले वेल दाबून रचले की हवा फिरत नाही, वाळवण रेंगाळते आणि आतल्या शेंगा दिवसेंदिवस दमट राहतात. म्हणून आधी वेल एक-दोन दिवस शेंगा वर करून शेतात सुकू द्यायचे, मग रचायचे. गेल्या गेल्या दोन-तीन राशींत हात घाल. आत ऊब किंवा कुबट वास असेल तर तुझे पहिले काम तिथेच आहे.

ओल मोजायला महाग यंत्र नेऊ नकोस. बाजारात मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घे, चार-पाच नग. मूठ-दोन मूठ सोललेले दाणे आणि मापक पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, सावलीत ठेव, आकडा स्थिर होईपर्यंत थांब. आर्द्रता 65 टक्क्यांच्या आत असेल तर माल साठवायला योग्य. दाण्यातली ओल तेव्हा साधारण 7 ते 8 टक्के असते. पिशवी उन्हात ठेवली तर आकडा फसवा येतो, आणि ही चूक जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात होते. बाटलीत मीठ टाकून हलवण्याची युक्ती मक्याची आहे: 15 टक्क्यांच्या वर ओल असेल तर मीठ काचेला चिकटते. मीठ कोरडे राहिले म्हणून शेंगदाणा साठवायला योग्य झाला, असे समजू नको.

आणि आता मुख्य अडचण. शेंगा हाताने फोडायच्या, ते काम बायकांचे, आणि सुकलेले टरफल अंगठे सोलते. म्हणून फोडण्याआधी शेंगा पाण्यात भिजवतात. महिनाभराची वाळवण एका बादलीत जाते. ‘भिजवू नका’ असे सांगून काही होत नाही, कारण अंगठे त्यांचे आहेत. उपाय म्हणजे हाताने चालणारे शेंगाफोडणी यंत्र, आणि त्यात चाळणीचे भोक महत्त्वाचे. आपल्याकडच्या लहान शेंगेसाठी केलेली चाळणी चालिंबाना फोडताना दाणे तोडते, आणि तुटलेल्या दाण्यावर बुरशी आधी बसते. दोन मापांच्या चाळण्या हव्यात, आणि त्या कासुंगूतल्याच वेल्डरकडून करून घेता आल्या पाहिजेत. सुटे भाग परदेशातून मागवायचे म्हटले की यंत्र गंजलेच समज, कारण तिथे परकीय चलनाची चणचण नेहमीची.

भावाचा हिशेबही मांडून दाखव. 12 टक्के ओलीचे 100 किलो दाणे 7.5 टक्क्यांवर आणले की 95 किलो उरतात. व्यापारी वजनावर पैसे देत असेल तर नीट वाळवणाऱ्या बाईचे पाच किलो गेले. ती भिजवते त्यामागे अंगठ्याइतकेच हेही कारण असू शकते. संघ कोरड्या मालाला वेगळा भाव देणार का, हे पहिल्या तीन दिवसांत विचार. नाही म्हणाले तर तुझे वाळवणीचे धडे वाया गेले.

प्रतवारी शिकवताना फार सांभाळ. सुरकुतलेले, काळे, तुटके, बुरशीचे दाणे वेगळे काढले की विष बरेच कमी होते, कारण ते थोड्या दाण्यांत साचलेले असते. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे, म्हणून संघाला प्रतवारी हवीच असते. पण काढलेला माल कुठे जातो? बहुतेक ठिकाणी घरी. तिथे दाण्याचे कूट भाजीत आणि लहान मुलांच्या पेजेत पडते. म्हणजे चांगला दाणा परदेशी आणि विष पोराच्या वाटीत, आणि हे तुझ्या प्रशिक्षणामुळे. भाजल्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात दूषित मक्याने 317 जण आजारी पडले, 125 दगावले. बाजूला काढलेला माल संघाने तिथेच वजन करून ताब्यात घ्यावा, थोडे का होईना पैसे द्यावेत आणि नष्ट करावा. तेल काढायचे म्हटले तर विष बहुतांशी पेंडीत राहते आणि कच्च्या तेलातही थोडे उतरते. ती पेंड जनावरांना घालायची नाही. याची व्यवस्था झाल्याशिवाय प्रतवारीचे प्रशिक्षण सुरूच करू नकोस. माझ्या मते यात तडजोड नाही.

तपासणीच्या पट्ट्या नेणार असशील तर पाण्यावर चालणाऱ्या ने. मिथेनॉल विमानात नेता येत नाही. एका पोत्यातली मूठभर तपासून निष्कर्ष काढू नकोस. एक दाणा भयंकर दूषित आणि शेजारचे शेकडो स्वच्छ, असे असते. सगळ्या पोत्यांतून थोडे थोडे घेऊन निदान पाच किलो जमव, सगळे दळ, कालव, मग त्यातून नमुना घे.

हवाबंद पिशवीबद्दलही विचारतील. तिचे मूळ कॅमेरूनमधल्या चवळीच्या साठवणीवर पर्ड्यू विद्यापीठाने केलेल्या कामात आहे: आत प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेले पोते. माल आधी कोरडा हवा. प्रत्येक थर हवा दाबून काढून, पीळ घालून, दुमडून वेगळा बांधायचा. टरफलासकट शेंगा भरल्या तर टोके प्लास्टिकला टोचतात. भरण्याआधी आतल्या थरात हवा धरून, दाबून भोके पाहा. सायकलने जाता येईल अशा बाजारात ही पिशवी मिळत नसेल तर तिचे नाव अहवालात घालू नकोस.

सभेचे थोडक्यात. आधी गावप्रमुखाला भेट. सभेला पुरुषच आले तर पुन्हा भर. वेळ बायकांना पाणी-स्वयंपाकातून सवड असते ती ठेव. हजेरीचा भत्ता अनेक जण धरून चालतात, म्हणून तो किती आणि कोण देणार हे संघाशी आधीच ठरव, तू स्वतः काही कबूल करू नकोस. दुभाष्याला आदल्या दिवशी शेंगा हातात देऊन सगळे करून दाखव. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू कर आणि परतल्यावर सांगितलेले दिवस पुऱ्या घे. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो.

शेवटचे दोन दिवस मोकळे ठेव. अहवाल तिथेच लिही, दोन पानांत, तीनपेक्षा जास्त शिफारशी नकोत. प्रत्येकीपुढे कोणी करायचे, कधीपर्यंत आणि किती क्वाचा (तिथले चलन) लागतील, हे असावे. त्या शिफारशी सभेतच चिचेवातून, म्हणजे तिथल्या भाषेतून, वाचून दाखवायला सांग आणि आक्षेप ऐकून दुरुस्त कर. आर्द्रतामापक संघाकडे ठेवून ये, जास्तीच्या बॅटऱ्यांसकट. जुलैच्या अखेरीस दहा पोत्यांचे आकडे मागव. 65 च्या वर निघाले तर संघाला तेव्हाच कळव. माल पुन्हा उन्हात पसरायला कोरडे दिवस तेव्हाही हाताशी असतात.

कळावे, लोभ असावा.