सामूहिक कथा मोडून पुन्हा लिहावी का?

प्रश्न : आम्ही वीसेक जण गेली सहा वर्षे एका काल्पनिक बेटराज्याची कथा इंटरनेटवर मिळून लिहीत आहोत. आता एकाच राजाचा मृत्यू दोन ठिकाणी दोन प्रकारे झाला आहे, काही पात्रांपुढे कोणतेच संकट टिकत नाही आणि जुने सारे वाचल्याशिवाय नव्या लेखकाला एक ओळही लिहिता येत नाही. म्हणून सगळे रद्द करून पहिल्यापासून लिहावे, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेल्या तीन अडचणींपैकी एकीसाठीही सहा वर्षांचे लेखन पुसण्याची गरज नाही. राजाचा एक मृत्यू खरा ठरवून दुसरा त्या राज्यात पसरलेली अफवा मानता येईल; अनेकदा अशा अफवेतूनच चांगले कथानक निघते. एससीपी फाउंडेशन या सामूहिक लेखनप्रकल्पात तर एकच अधिकृत कथाक्रम मानलाच जात नाही, आणि तेथील क्रमांक दिलेल्या नोंदींपैकी ००१ या क्रमांकासाठी परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक कथा शेजारी शेजारी नांदतात.

अतिसामर्थ्यवान पात्रे आणि नव्यांची अडचण यांवर मात्र काळाची झेप हाच उत्तम उपाय वाटतो. २०१० मध्ये आलेला ‘फायनल फँटसी १४’ हा ऑनलाइन खेळ फसला, तेव्हा निर्मात्यांनी तो नव्याने बांधला. पण जुने जग गुपचूप न पुसता नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला एक चंद्र कोसळवून त्याचा शेवट कथेतच घडवला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये खुले झालेले नवे जग त्या विनाशानंतर पाच वर्षांनी सुरू होते. त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या आठवणी त्या जगाचा इतिहास झाल्या. आपणही कथा तीसेक वर्षे पुढे न्यावी, थोर योद्ध्यांना म्हातारे होऊ द्यावे आणि नव्यांसाठी दोन पानांचा पूर्ववृत्तान्त लिहावा.

तरीही बहुमत पुनर्लेखनाकडे झुकले, तर जुने लेखन वेगळ्या नावाखाली जसेच्या तसे वाचनासाठी ठेवावे. ‘स्टार वॉर्स’च्या हक्कधारकांनी एप्रिल २०१४ मध्ये असंख्य जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथाक्रमातून वगळल्या, पण ‘लेजंड्स’ या नावाने त्यांचे प्रकाशन चालू ठेवले. शिवाय तेथे निर्णयाचा अधिकार एका कंपनीकडे होता. आपल्याकडे प्रत्येक प्रकरण ज्याने लिहिले, त्याचेच आहे. सहा वर्षांत काही जण गट सोडूनही गेले असतील, आणि मतदानात त्यांचा आवाज नसतो. त्यांना आधी पत्र लिहा, उत्तराला महिनाभर तरी अवधी द्या आणि ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या पात्रांना तोवर हात लावू नका.