राग कुणाच्या दारात न्यायचा?

बेळगाव, मे 2025

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा चहा निम्माच ठेवून उठलास आणि उंबऱ्यात थांबून विचारलंस, "मास्तर, राग येऊच नये काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

राग यावाच. 22 एप्रिलला काश्मीरात पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी 26 माणसं मारली. धर्म विचारून, बायकापोरांच्या डोळ्यांदेखत. डोंबिवली-पुण्याची माणसं गेली, शिमोग्याचा एकजण गेला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्हीकडची घरं उजाड झाली. मलाही दोन रात्री झोप नव्हती. पण त्याच रात्री तू गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या बेकरीवाल्याचं नाव घालून लिहिलंस, "याच्याकडून पाव घेऊ नका." ज्या माणसानं तुला लहानपणी उधारीवर खारी दिली, त्याचा बैसरनशी संबंध काय? तिथं मेलेल्यांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक मुसलमान घोडेवालाही होता, हे तुला ठाऊक होतं ना?

एकाच्या करणीचा जाब भलत्यालाच विचारला की काय होतं, हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. कुठंतरी भाषेवरून भांडण होतं, एखाद्या गाडीला काळं फासलं जातं, आणि कोल्हापूरची बस राज्याच्या सीमेवर कोगनोळीला थांबते. अडकतं कोण? दवाखान्याला निघालेली म्हातारी, परीक्षेला निघालेलं पोर. मराठी म्हणून आपण हे भोगलंय. तेच दुसऱ्याच्या वाट्याला आपल्या हातून कसं देऊ?

आणि अफवा. याच महिन्यात लष्कराच्या कारवाईची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला, अशी पोस्ट फिरली. घर कुठलं, तर आपल्याच गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरचं! बेळगाव पोलिसांनी ती साफ खोटी असल्याचं सांगितलं. एखाद्यानं खरी मानून कुठंतरी दगड उचलला असता तर? अशा वेळी मोबाईल खाली ठेव. बातमी पोलिसांनी किंवा सरकारनं दुजोरा दिलेली आहे का बघ, मगच तोंडातून काढ. मृतदेहांचे फोटो तर पुढं पाठवूच नकोस. त्या घरातलं लेकरू पुढं कधीतरी ते बघणार आहे.

तुला शौर्य हवंय ना? मग तुकाराम ओंबळे आठव. 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. त्यांच्यामुळं कसाब जिवंत सापडला, कट उघडा पडला, खटला चालला आणि 2012 मध्ये येरवड्यात फाशी झाली. गुन्हेगाराला धरणारा हात आणि वाटेत दिसेल त्याला मारणारा हात वेगळा असतो, बाळा.

रक्तदान शिबिराचा तुझा विचार चांगला आहे. फक्त सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नकोस. साठवलेलं रक्त फार तर 42 दिवस टिकतं, आणि एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं. आधी रक्तपेढीला विचार, मग पोरांच्या पाळ्या लाव.

दुःखाच्या घरी जायची वेळ आली तर "कसं झालं?" असं विचारू नकोस. आपल्याकडं सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. तसंच जावं, जेवण ठेवावं, गप्प बसावं. तेराव्यानंतर गर्दी ओसरते; खरी गरज तेव्हा असते. कुणाला झोपच लागेना, सारखं दचकायला होत असेल, तर 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दे. त्यात कमीपणा नाही.

काल मी बेकरीत गेलो होतो. त्यानं तुझा मेसेज वाचलाय. तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही, एवढंच म्हणाला, "पोरगं येत नाही अलीकडं." त्याची मुलगी यंदा दहावी पास झाली. पेढे ठेवलेत त्यानं तुझ्यासाठी.

आज संध्याकाळी सातच्या आत ये. मी बरोबर येतो, पण बोलायचं तूच.

तुझा,
मास्तर