कुत्र्याला दिवसातून किती वेळा आणि कधी खायला द्यावं? आमचा दीड वर्षाचा आहे, ताटली दिवसभर भरलेलीच असते, तरी नीट खात नाही.

भरलेलीच असते म्हणूनच खात नाही. दीड वर्षाच्या कुत्र्याला दोन वेळा पुरे. ताटली ठेवा, १५-२० मिनिटांनी उचला. उरलं तरी उचलाच. पहिले दोन-तीन दिवस तो दारात बसून असा काही बघेल की घरातली म्हातारी माणसं तुम्हालाच बोल लावतील. हळूच कुणी भाकर टाकली की सगळं मुसळ केरात. मात्र पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही किंवा मलूल पडला, तर तो हट्ट नव्हे, डॉक्टरांना दाखवा.

वेळ आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाप्रमाणे ठरवा. आम्ही परभणीत एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाला आणि दिवस मावळल्यावर देतो. पारा ४२ च्या वर गेला की दुपारी तो ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही. पाणी मात्र दिवसभर, सावलीत. वेळ बांधली की शी-शूचीही बांधली जाते. खाल्ल्यावर पाऊण तासाच्या आत बाहेर न्या, पण लगेच पळवू नका.

नुसती ज्वारीची भाकर-दूध नको, त्यात प्रथिनं कमी पडतात. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन, मीठ-तिखट न घालता. कालवणाचा रस्सा तर नकोच, कांदा-लसूण त्यांना विषारी. द्राक्षं-बेदाणेही तसेच.

पिल्लू असेल तर हिशोब वेगळा: चार महिन्यांपर्यंत चार वेळा, पुढे सहापर्यंत तीन.