गाडीच्या डॅशबोर्डसाठी छोटे फुल-रेंज स्पीकर निवडताना नेमकं काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारांत साडेसहा इंची वूफर (खालचा, जाड आवाज देणारे स्पीकर) आहेत, ट्वीटर (सर्वांत वरचा, बारीक आवाज देणारे) काढून त्यांच्या जागी डॅशबोर्डवर किंवा ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या कडेचा खांब) ३ इंची फुल-रेंज ड्रायव्हर, म्हणजे जवळजवळ सगळा आवाज एकट्याने वाजवणारे छोटे स्पीकर, बसवायचे आहेत, बाजारात नावं ढीगभर आणि वॅटचे आकडे त्याहून जास्त, मग घ्यायचं कुठलं? आणि ट्वीटर पुन्हा लागेलच का?

मॉडेल शेवटी ठरवा. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: ड्रायव्हर कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून बसणार आणि खाली किती हर्ट्झपर्यंत वाजणार. एवढं ठरलं की यादीतली बरीच नावं आपोआप गळतात.

नावात 'फुल-रेंज' असलं तरी गाडीत या ड्रायव्हरकडून बासची अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम साधारण ३०० हर्ट्झपासून वरचं सगळं. नेहमीच्या टू-वे सेटमध्ये दारातला वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा (क्रॉसओव्हर) २,५०० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान पडतो, आणि आपला कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. त्यामुळे गाणाऱ्याच्या आवाजाचा एक भाग पायांजवळून येतो आणि उरलेला काचेजवळून. छोटा फुल-रेंज हा सांधा ३००-४०० हर्ट्झपर्यंत खाली नेतो. आवाजाची ओळख ज्यातून पटते तो जवळजवळ सगळा भाग मग एकाच पडद्यातून (स्पीकरचा हलणारा भाग), डोळ्यांच्या पातळीवरून ऐकू येतो. मला या प्रकाराचा नाद लागला तो एवढ्याचसाठी.

आता खालची मर्यादा, कारण बहुतेक निवडी इथेच फसतात. आवाजाची पातळी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. साधारण ३ इंची ड्रायव्हर घ्या: पडद्याचं प्रभावी क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर, एका बाजूला हालचाल अडीच मिलिमीटर. सपाट पृष्ठभागात बसवलेला धरला, तर एवढ्या हालचालीत तो १ मीटरवर ३०० हर्ट्झला सुमारे १०५ डेसिबल देऊ शकतो. १५० हर्ट्झला हाच आकडा ९३ वर येतो, आणि ८० हर्ट्झला ८२ च्या आसपास. वेगातल्या गाडीत टायरची घरघर असतेच, त्यात हे ८२ कुठच्या कुठे बुडून जातात. म्हणून डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) '८० ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं दिसलं तरी भुलू नका. ८० हर्ट्झला तो वाजतो, पण मोठ्याने वाजत नाही.

याच कारणासाठी क्रॉसओव्हरचा उतारही, म्हणजे सांध्याच्या खालचा आवाज किती झपाट्याने कमी होतो हेही, महत्त्वाचं. 'एक कपॅसिटर लावा, झालं' असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ४ ओहमच्या ड्रायव्हरला ३०० हर्ट्झसाठी सुमारे १३३ मायक्रोफॅरड लागतील, पण त्याचा उतार ऑक्टेव्हला (दर वेळी फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) फक्त ६ डेसिबल. पडद्याची हालचाल मात्र खाली जाताना ऑक्टेव्हला १२ डेसिबलने वाढत असते. म्हणजे कपॅसिटर लावूनही हालचाल रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला पडदा आपसूक सर्वांत सहज हलतो) येईपर्यंत वाढतच राहते. १२ डेसिबलच्या उताराने ती वाढायची थांबते, २४ च्या उताराने कमी होऊ लागते. छोट्या ड्रायव्हरला २४ च द्या, आणि त्यासाठी डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं उपकरण) घ्या. पैसे मोजकेच असतील तर साधा ड्रायव्हर आणि डीएसपी ही जोडी मी महागडा ड्रायव्हर आणि कपॅसिटर या जोडीपेक्षा केव्हाही वर ठेवीन. डीएसपी असला की जवळच्या बाजूचा आवाज किंचित उशिरा सोडता येतो (३४ सेंटिमीटरच्या फरकाला १ मिलिसेकंद). गाडीत आपण कधीच मधोमध बसत नाही, त्यामुळे ही सोय चैनीची नाही.

डेटाशीटवर एफएस म्हणजे रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी दिलेली असते. क्रॉसओव्हर तिच्या किमान दुप्पट असावा असा ढोबळ नियम आहे. पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. ड्रायव्हर छोट्या बंद खोक्यात गेला की रेझोनन्स वर सरकतो. समजा एफएस ११०, क्यूटीएस (रेझोनन्सला पडदा किती आवरलेला आहे याचा आकडा, जितका मोठा तितका कमी आवर) ०.६, व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच लवचिक हवा किती, तो आकडा) १ लिटर, आणि पिलरवर बनवलेल्या खोक्यात जागा मिळाली अर्धा लिटर. रेझोनन्स जातो १९० हर्ट्झवर आणि क्यू होतो १.०४, म्हणजे तिथे थोडा फुगवटाही येतो. अशा ड्रायव्हरला ३५०-४०० च्या खाली नेण्यात अर्थ नाही. त्यामुळे जागा कमी असेल तर व्हीएएस लहान असलेला ड्रायव्हर शोधा. फॅक्टरीच्या जागेत, मागे डॅशबोर्डची सगळी पोकळी मोकळी असेल, तर रेझोनन्स फारसा हलत नाही. मात्र मागून निघणारा आवाज आतलं प्लॅस्टिक खडखडवतो, तेव्हा फोम आणि डॅम्पिंगची तयारी ठेवा.

ए-पिलरचा विचार करताय म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगतो. त्या पिलरच्या कव्हरवर एअरबॅगची खूण असेल, तर तिथे काहीही बसवू नका. पडदा-एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी पसरणारी) त्याच मार्गाने उघडते. शिवाय खोकं फुगवून बाहेर काढलं तर वळणावर नजरेआड होणारा कोपरा वाढतो. स्पीकरसाठी एवढी जोखीम घ्यायची नसते.

दिशेचं गणित सोपं आहे. ध्वनीची तरंगलांबी पडद्याच्या व्यासाएवढी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटू लागतो. ३ इंची ड्रायव्हरचा प्रत्यक्ष हलणारा भाग ६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे हे ५,७०० हर्ट्झच्या सुमारास घडतं. २ इंचीला ८,५०० च्या जवळपास. म्हणून डेटाशीटमध्ये फक्त समोरून मोजलेला आलेख असेल तर तो अपुरा समजा. ३० आणि ६० अंशांवरून मोजलेले आलेख बघा. तुमचं डोकं ड्रायव्हरच्या सरळ रेषेत येणार नसेल, तर समोरच्या आलेखात वरचा भाग थोडा चढलेला ड्रायव्हर उलट बरा पडतो, कारण तिरक्या कोनातून तो चढ सपाट होतो. तोंड थेट तुमच्याकडे असेल तर मात्र तोच ड्रायव्हर कानात टोचेल. अ‍ॅल्युमिनियमच्या पडद्यांना बऱ्याचदा वरच्या टोकाला एक तीक्ष्ण शिखर असतं, तेही तपासा. कागदी पडदे साधारणपणे सौम्य असतात.

डॅशबोर्डवर वर तोंड करून बसवला तर काचेवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. परतीची वाट २० सेंटिमीटरने लांब पडली, तर ८५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तो इक्वलायझरने भरता येत नाही. कितीही रेटा, दोन्ही लाटा सारख्याच वाढतात. ड्रायव्हर काचेच्या जितका जवळ, तितका खड्डा वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो. भोक पाडण्याआधी ड्रायव्हर मऊ कापडात गुंडाळून वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या कोनांत ठेवून ऐका. या कामाला एखादी संध्याकाळ सहज लागते, आणि ती लावावी.

वॅटबद्दल थोडक्यात. हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमच्या) खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असलं, तरी १४.४ व्होल्टवर, बूस्टर नसताना, ४ ओहममध्ये शुद्ध आवाजाचे २६ वॅट ही कागदोपत्री कमाल मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. घरगुती हाय-फायसाठी बनलेले पुष्कळ छान ड्रायव्हर ८ ओहमचे असतात, त्यांना त्याच्या निम्मेच मिळतात. वेगळा अ‍ॅम्प असेल तर ८ ओहमची भीती नको. ३०० हर्ट्झच्या वर १५-२० वॅट बहुतेकांना पुरतात. तेव्हा ड्रायव्हर '१०० वॅट' झेलतो की नाही यापेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटला तो किती मोठा वाजतो) किती, हे बघा. ८३ आणि ९० डेसिबल यांतला फरक भरून काढायला पाचपट वॅट लागतात.

नावंच हवी असतील तर दोन टोकं सांगतो. फेटल प्रोचा ३एफई२५ सेन्सिटिव्ह आहे, थोड्या वॅटवर मोठा वाजतो, पण खाली खेचू नये. डेटन ऑडिओचा एनडी९१ अ‍ॅल्युमिनियम पडद्याचा, हालचाल भरपूर, त्यामुळे खाली जातो, बदल्यात सेन्सिटिव्हिटी कमी आणि अ‍ॅम्प हवाच. पियरलेसचा टीसी९ मालिकेतला कागदी ड्रायव्हर या दोघांच्या मधला, साधा आणि गुणी. तुमच्याकडे फॅक्टरी हेड युनिटच राहणार असेल तर मी पहिल्याकडे झुकेन. मात्र आधी मागची खोली आणि बाहेरचा व्यास मोजून घ्या. पट्टीपुढे सगळी डेटाशीट गप्प बसते.

उन्हाचाही विचार करा. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापू शकतो. साध्या प्रतीच्या निओडायमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांची असते, म्हणजे उसंत फार नाही. फोमची कड टाळा, रबरी घ्या, आणि वर जाळीचं कापड लावा म्हणजे थेट ऊन पडद्यावर येणार नाही.

राहिला ट्वीटर. ड्रायव्हर तुमच्याकडे ३० अंशांच्या आत वळलेला असेल तर आधी ट्वीटरशिवाय महिनाभर ऐका. बहुतेकांना उणीव जाणवत नाही, विशेषतः वय चाळिशीपुढे असेल तर, कारण १५,००० हर्ट्झच्या वरचं तेव्हा फारसं ऐकूच येत नाही. ड्रायव्हर काचेकडे किंवा ६० अंश बाजूला बघत असेल आणि झांजा मंद वाटत असतील, तर छोटा ट्वीटर ६,००० ते ८,००० हर्ट्झच्या वर जोडा आणि तो फुल-रेंजच्या अगदी शेजारी बसवा. जुन्या ट्वीटरच्या तारा कापू नका, टोकं टेप लावून आतच गुंडाळून ठेवा.